टेबलावरच्या लढाईसाठी तीन सेंच्युरियन

काचेच्या कपाटातल्या रणगाड्याला वर्षातून एकदा फडकं लागतं. वॉरगेमच्या टेबलावर उतरणाऱ्या रणगाड्याला दर रविवारी चार जणांचे हात लागतात. तो उचलला जातो, उसाच्या फडात सरकवला जातो, बुरूज फिरवून त्याचा नेम धरला जातो, आणि पलीकडची मोजपट्टी घ्यायला कुणी वाकलं की बाही तोफेच्या नळीत अडकते. खालची सगळी कृती या हातांचा विचार करून ठरवली आहे. कुठला भाग गाळला, कुठे प्लॅस्टिकच्या पोटात पितळ घातलं, कुठे चार दिवस जास्त थांबलो, त्याचं कारण बहुतेक ठिकाणी हेच आहे.

मी रणगाडा निवडला तो ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन, आणि तोही १९६५ सालच्या पूना हॉर्सचा. १८१७ साली उभी राहिलेली ही रेजिमेंट पुण्याचं नाव अजून मिरवते. १९६५ च्या युद्धात तिचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. त्यांचा जन्म मुंबईचा आणि शाळा पुण्यातली. ११ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर फिल्लौराच्या लढाईत ते जखमी झाले आणि मागे जायला त्यांनी नकार दिला. १६ सप्टेंबरला बुतूर-डोग्रांडीजवळ त्यांच्या रणगाड्यावर गोळा बसला आणि ते तिथेच गेले. मरणोत्तर परमवीरचक्राने त्यांचा गौरव झाला. ही लढाई आपण टेबलावर मांडणार असू, तर तिच्यातला प्रत्येक रणगाडा मन लावून केलेला असावा असं मला मनापासून वाटतं. आत चार माणसं होती, हे बनवताना विसरायचं नाही.

तीनच का, तर एका ट्रूपमध्ये तीन रणगाडे असत. चार ट्रूप आणि मुख्यालयाचे दोन मिळून चौदांची स्क्वॉड्रन, आणि तीन स्क्वॉड्रन अधिक रेजिमेंटच्या मुख्यालयाचे तीन मिळून पंचेचाळीस. पंचेचाळीस बनवायचं स्वप्न जरूर पाहावं, सुरुवात मात्र तीनने करावी. एकच बनवला तर टेबलावर तो हरवल्यासारखा दिसतो आणि त्याला खेळायला कुणी सोबती नसतो. एकदम चौदा घेतले तर सातव्या रणगाड्याच्या चाकांपाशी उत्साह संपतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

प्रमाण कोणतं घ्यायचं?

हा निर्णय पैसे खर्च करण्यापूर्वी, खेळणाऱ्या सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. सेंच्युरियनचं धड, म्हणजे तोफ सोडून, सुमारे साडेसात मीटर लांब आणि तीन मीटर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास रुंद. १:७२ प्रमाणात ते साधारण १०५ मिलिमीटर लांब आणि ४७ मिलिमीटर रुंद होतं, तळहातावर नीट मावणारं. १:१०० मध्ये तेच ७५ मिलिमीटरच्या घरात येतं. वॉरगेमवाले या दुसऱ्या प्रमाणाला ‘पंधरा मिलिमीटर’ म्हणतात, कारण त्यातला उभा माणूस तेवढा असतो.

आता अंतराचा हिशेब करा. खऱ्या रणांगणावरचे हजार मीटर १:७२ मध्ये जवळजवळ चौदा मीटर होतात. एवढी खोली कुणाच्या घरात नाही, म्हणून सगळेच खेळ जमीन आवळून घेतात. रणगाड्याचं प्रमाण एक आणि जमिनीचं दुसरं, ही तडजोड नियमांतच केलेली असते. सहा फूट बाय चार फूट टेबलावर पूर्ण स्क्वॉड्रन फिरवायची असेल तर १:१०० घ्यावं. रणगाडे एकमेकांना खेटून उभे राहिले की लढाईऐवजी वाहनतळ दिसतो. एक-दोन ट्रूप आणि सोबत थोडं पायदळ असेल तर १:७२ हातालाही सुखाचं आणि डोळ्यालाही. माझी पसंती १:७२ ला आहे. पुढची मापं त्याच हिशेबाने दिली आहेत. १:१०० साठी ती तीन चतुर्थांशाहून किंचित कमी धरावीत.

किट उघडण्याआधी एक काम. जमत असेल तर अहिल्यानगरला जाऊन यावं. तिथे चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा आहे, आणि १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत, १६ डिसेंबरला, एकवीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी ज्यातून शेवटपर्यंत लढत दिली तो पूना हॉर्सचा ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियनही अहिल्यानगरलाच जपून ठेवला आहे. छायाचित्रावरून न कळणाऱ्या गोष्टी खऱ्या रणगाड्याशेजारी उभं राहिलं की कळतात. साखळीचा पट्टा दोन फूट रुंद आहे. बाजूचे चिलखती पडदे केवढे पातळ आहेत आणि बुरुजाचं ओतीव पोलाद केवढं खडबडीत. मात्र संग्रहालयातल्या रंगावर विसंबू नये. उघड्यावरच्या रणगाड्यांना वर्षानुवर्षं नवा हात दिलेला असतो, त्यामुळे तो रंग देखभालीचा, लढाईचा नव्हे.

जुनी छायाचित्रं पाहताना तोफेकडे नीट लक्ष द्यावं. १९६५ च्या आपल्या सेंच्युरियनांवर वीस पौंडी, म्हणजे ८४ मिलिमीटरची तोफ होती. काही नळ्यांच्या मध्यावर धूर ओढून घेणारा फुगीर भाग असतो, काही सरळ असतात. किटमध्ये बऱ्याचदा नंतरची १०५ मिलिमीटरची नळीही येते. खोक्यावर कुठल्या देशाचं चित्र आहे याला महत्त्व न देता आत कोणती नळी आहे ते पाहून किट घ्यावं.

सामान

पक्कड-कटर, बारीक टोकाचा चाकू आणि त्याची जादा पाती, चिमटा, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि एक मिलिमीटरच्या आसपासच्या सुया. प्लॅस्टिकचं पातळ सिमेंट, झटपट गोंद, फेविकॉल, एम-सील. पितळेची ०.८ मिलिमीटरची तार. पाच मिलिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची निओडिमियमची चुंबकं, दर रणगाड्याला दोन. घरात लहान मूल असेल तर चुंबकं मोजून ठेवा आणि काम संपल्यावर परत मोजा. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन घड्या त्यांच्यामध्ये चिमटल्या जातात आणि जिवावर बेततं. हे मी प्रत्येक नवशिक्याला पहिल्यांदा सांगतो, रंग आणि कुंचले नंतर.

धड

तिन्ही किटमधल्या प्लॅस्टिकच्या चौकटी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवाव्यात आणि रात्रभर वाळू द्याव्यात. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर कधीकधी राहिलेला असतो आणि रंग त्यावर धरत नाही. रेझिनचे भाग असतील तर धुणं टाळताच येत नाही. रेझिन घासताना पाणी लावून घासावं आणि तोंडाला मास्क बांधावा, कारण त्याची धूळ फुप्फुसांना चांगली नाही.

यापुढचा नियम एकच: कुठलंही काम तिन्ही रणगाड्यांवर करून मगच पुढच्या कामाला हात घालायचा. पहिल्याची चाकं, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची चाकं. पहिल्यावर जी चूक होते ती दुसऱ्यावर टळते, आणि तिसरा लावून होईपर्यंत पहिल्याचा जोड पक्का झालेला असतो.

भाग कापताना दोनदा कापावं. पहिला काप भागापासून लांब, दुसरा जवळ. एकाच घावात जवळून कापलं तर प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं आणि कधी भागाचा टवकाही निघतो. राहिलेला उंचवटा चाकूने खरवडून ४०० नंबरच्या आणि मग ६०० नंबरच्या पेपरने सपाट करावा.

प्लॅस्टिकचं सिमेंट हा खरं तर गोंद नाही. ते दोन्ही कडा विरघळवतं आणि त्या एकजीव होतात. म्हणून दोन भाग आधी कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला सिमेंटच्या कुंचल्याचं टोक नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप आत ओढला जातो. झटपट गोंदाचा जोड कडक असला तरी ठिसूळ असतो, टेबलावरून पडला की सुटतो. तो धातू, रेझिन आणि चुंबकांपुरताच राखून ठेवावा.

सेंच्युरियनला दर बाजूला सहा मोठी चाकं. दातांचं चाक, म्हणजे साखळी ओढणारं, मागच्या टोकाला येतं, कारण इंजिन मागे आहे. शर्मन आधी बनवलेल्यांचा हात सवयीने ते पुढे लावतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चाकं लावली की सिमेंट ओलं असतानाच तिन्ही धडं स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा आणि डोळा ओट्याच्या पातळीला आणून बघा. बाराच्या बारा चाकं टेकली पाहिजेत. एखादं अधांतरी असेल तर आत्ता दाबून बसवता येतं, अर्ध्या तासाने नाही.

पट्टे दोन तऱ्हांचे येतात. कडक प्लॅस्टिकचे तुकड्यातुकड्यांचे असतील तर सिमेंटने सरळ लागतात. रबरासारखे लवचिक असतील तर बहुतेक सिमेंट त्यांना धरत नाही आणि दोन्ही टोकं सतत उलगडायला बघतात. अशा वेळी जोड वरच्या बाजूला, पडद्याआड जाईल अशा जागी घ्यावा आणि झटपट गोंदाने पट्टा चाकांच्या माथ्याला तीन-चार ठिकाणी पक्का करावा. पडदे लावले की वरचा अर्धा पट्टा दिसतच नाही. तिथे नाजूक काम करण्यात घालवलेली संध्याकाळ कुणाच्याही नजरेला पडत नाही, तेव्हा ती पुढच्या कामासाठी वाचवावी.

तिघांपैकी एका रणगाड्याचा एखादा पडदा मी मुद्दाम लावत नाही. झाडाझुडपांतून, बांधांवरून जाताना हे पत्रे वाकत, निघत. तेवढ्या एका फटीने तीन सारख्या वाहनांतलं एक टेबलापलीकडूनही वेगळं ओळखू येतं, आणि खेळताना ‘कोणता हलवला?’ हा प्रश्न उरत नाही.

धड बंद करण्यापूर्वी त्याच्या पोटात लोखंडी नट आणि वायसर झटपट गोंदाने चिकटवावेत, तीसेक ग्रॅम पुरेत. नुसतं प्लॅस्टिक हातात पोकळ लागतं आणि पंख्याच्या वाऱ्यानेही सरकतं. वजन टाकलेला रणगाडा जिथे ठेवला तिथेच बसतो. शिसं वापरू नये. ते विषारी आहे आणि काही गोंदांशी त्याचा संयोग होऊन पांढरी भुकटी सुटते.

बुरूज

वॉरगेममध्ये सगळ्यात जास्त हात लागतो तो बुरुजाला. किटमधली खुंटी दहा-वीस खेळांत झिजते आणि बुरूज उलटा धरला की घरंगळतो. तिच्या जागी चुंबक बसवायचं. धडावरच्या गोल भोकाच्या खाली प्लॅस्टिकच्या पट्टीचा छोटा माळा करून एक चुंबक, आणि बुरुजाच्या तळाला दुसरं. चिकटवण्यापूर्वी सगळी चुंबकं एकावर एक रचून उभा दांडा करावा आणि प्रत्येकाच्या वरच्या तोंडावर मार्करने ठिपका द्यावा. धडातल्या चुंबकांचा ठिपका वर आणि बुरुजातल्यांचाही वर, असं तिन्हींना सारखं ठेवलं की कुठलाही बुरूज कुठल्याही धडावर बसतो. एखादं उलटं लागलं तर तो बुरूज कायमचा हवेत उडी मारत राहतो आणि चुंबक उखडताना प्लॅस्टिक फाटतं.

चुंबकाचा आणखी एक लाभ खेळताना कळतो. रणगाडा निकामी झाला की बुरूज उचलून तिरका ठेवायचा. वेगळी खूण लागत नाही.

तोफ मोडते ती बहुतेक वेळा मुळाशीच, जिथे नळी ढालीत शिरते तिथे. म्हणून नळीच्या मुळात आणि ढालीत सुमारे पाच-पाच मिलिमीटर खोल भोक पाडून एक सेंटिमीटर पितळेची तार आत घालायची. भोक पाडताना ड्रिल हळू फिरवावं आणि दर दोन फेऱ्यांनी सुई सरळ आहे ना हे वरून आणि बाजूने बघावं. सेंच्युरियनच्या ढालीवर कॅनव्हासचं आवरण असतं. त्याच्या घड्या बहुतेक किटमध्ये कोरलेल्या असतात आणि जोड त्यांत सहज लपतो. नळी चिकटवल्यावर समोरून पाहावं. तोफ डावीकडे किंवा उजवीकडे कललेली असली तर रणगाडा कायम तिरळा दिसतो, मग रंग कितीही सुंदर असो.

बारीक भागांचा निवाडा इथे करायचा. आरसे, दिव्यांवरच्या तारेच्या जाळ्या, पातळ दांड्या सरळ गाळाव्यात. ओढायचा दोर हवा, पण किटमधला नको. शिवणाचा जाड दोरा पिळून, झटपट गोंदात भिजवून धडाला चिकटून बसवावा, म्हणजे कशात अडकत नाही. धूर सोडणाऱ्या नळकांड्यांचे दोन्ही बाजूंचे जुडगे ठेवावेत, ते सेंच्युरियनच्या चेहऱ्याचा भाग आहेत. एरियलसाठी तार वापरू नये, ती डोळ्यात जाते. कपड्यांच्या ब्रशचा नायलॉनचा केस घ्यावा. तो वाकतो आणि परत उभा राहतो.

झाकणं निदान एका रणगाड्याची उघडी ठेवावीत आणि कमांडरचा अर्धा पुतळा बसवावा. चिलखती दलाची टोपी काळी. त्या युद्धात अनेक कमांडर झाकण उघडं ठेवून, डोकं बाहेर काढून लढले, कारण आतल्या भिंगांतून उभ्या पिकात फारसं काही दिसत नाही. रंगवायला सोपं जावं म्हणून हा पुतळा आधी काडीवर टोचून वेगळा रंगवावा आणि सगळ्यात शेवटी लावावा.

सामानसुमान हे माझं आवडतं काम. लढाईवर गेलेल्या रणगाड्यावर माणसांचं अख्खं घर लादलेलं असतं. ताडपत्रीसाठी चहाच्या गाळणीएवढा टिश्यू पेपर घ्या, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवा, गुंडाळी करून बुरुजामागे ठेवा आणि ओला असतानाच दोऱ्याने बांधा. वळकट्या एम-सीलच्या कराव्यात. दोन्ही भाग मळून एक झाले की बोटांना पाणी लावून लाटायच्या आणि अर्धवट घट्ट झाल्यावर चाकूच्या बोथट बाजूने घड्या दाबायच्या. छद्मजाळी औषधाच्या दुकानातल्या गॉजची होते. प्रत्येक रणगाड्यावर सामानाची मांडणी वेगळी ठेवा. फक्त एक बघा, बुरूज फिरताना कशाला घासता कामा नये. चिकटवण्याआधी पूर्ण फेरी मारून पाहा.

रंग

प्रायमर मारायचा दिवस निवडावा लागतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेत एवढा ओलावा असतो की फवारा वाळण्याआधीच पाणी धरतो. एका जुलैत, पाऊस थांबला आहे एवढं पाहून मी तीन तयार रणगाड्यांवर मॅट वॉर्निश फवारलं. दहा मिनिटांत तिन्हींवर पांढुरकी साय आली, जणू थंडीत काचेवर श्वास सोडला. ते सुधारता आलं: कोरड्या दिवसाची वाट पाहून चकचकीत वॉर्निशचा हात कुंचल्याने दिला, साय विरली, आणि मग त्यावर पुन्हा मॅट दिलं. तेव्हापासून फवाऱ्याची सगळी कामं मी दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करतो, आणि पावसाळ्यात फक्त जोडकाम आणि कुंचल्याचं काम. वर्षाची ही वाटणी फार सोयीची आहे.

धड आणि बुरूज वेगवेगळे, बाटलीच्या बुचांवर चिकटपट्टीने बसवून, गच्चीत वाऱ्याला पाठ करून फवारावेत. अंतर वीतभराहून थोडं जास्त. फवारा रणगाड्याच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे, कारण जाड हातात बारीक तपशील बुडतात.

मूळ रंग गडद ऑलिव्ह हिरवा. पण खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा बहात्तर पटीने लहान वस्तूवर दिला तर तो काळपट दिसतो. लांबवरची वस्तू फिकी दिसते, आणि टेबलावरचा रणगाडा आपण जणू साठ-सत्तर मीटरांवरून पाहत असतो. म्हणून हिरव्यात दहाव्या हिश्श्याहून थोडा जास्त पिवळा गेरू आणि पांढरा मिळून घालावा. कपाटासाठी बनवणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी एकदा दिव्याच्या पिवळट उजेडात, हातभर अंतरावरून, दोन्ही रंगांचे रणगाडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. तिन्ही रणगाड्यांचा रंग एकाच बाटलीत एकदमच कालवून ठेवा. नंतर तीच छटा पुन्हा जमत नाही. चित्रकलेच्या दुकानातले ॲक्रिलिक चालतात, मात्र ते जाड असतात. दुधाइतके पातळ करून दोन-तीन हात द्यावेत.

रंग पूर्ण वाळला की चकचकीत वॉर्निशचा एक हात. त्यावरच खुणांचे डिकॅल बसतात. खडबडीत रंगावर लावले तर त्यांच्याखाली हवा राहते आणि कडा चांदीसारखी चमकते. कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून कागदावरून सरकवत जागेवर आणावेत आणि ओल्या कुंचल्याने मधून बाहेर दाबावेत. बुरुजावर स्क्वॉड्रनची खूण: ब्रिटिश पद्धतीत ए साठी त्रिकोण, बी साठी चौकोन, सी साठी वर्तुळ. तयार डिकॅल नसेल तर बारीक कुंचल्याने हातानेच काढावी. किंचित वाकडी रेघ शोभून दिसते, कारण मूळ खुणाही हातानेच रंगवलेल्या होत्या. पूना हॉर्स पहिल्या चिलखती डिव्हिजनमध्ये होती, आणि तिची ओळख हत्तीची.

आता खोली. काळ्या-तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी करून सांध्यांत, बोल्टांभोवती, इंजिनाच्या जाळ्यांवर सोडायचं, आणि सपाट भागावर साचलेलं लगेच टिपून घ्यायचं. ते वाळल्यावर फिक्या हिरव्यात कुंचला बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि कडांवरून हलका फिरवायचा. एवढ्यानेच रणगाडा जागा होतो. या दोन कामांवर निम्मा परिणाम अवलंबून असतो, म्हणून इथे घाई करू नये.

धूळ

सियालकोटची जमीन म्हणजे नद्यांनी आणून टाकलेला गाळ. तिचा रंग फिका, राखाडीकडे झुकणारा बदामी. आपल्याकडच्या सवयीने हात तांबड्याकडे किंवा काळ्याकडे जातो. कोकणातली जांभ्याची माती आणि देशावरची काळी, दोन्ही इथे चुकीच्या. महिना सप्टेंबरचा, ऊस उभा, पावसाळा सरत आलेला. म्हणजे पट्ट्यांत थोडा ओला गाळ, आणि पडद्यांच्या खालच्या अर्ध्या भागावर व मागच्या पत्र्यावर वाळलेली धूळ. कलेच्या दुकानातल्या कोरड्या खडूंची पूड करून मऊ कुंचल्याने ती लावता येते. खडूची पूड हाताला लागून निघते, म्हणून आधी तिच्यावर कुंचल्याने पातळ द्रव सोडून ती बसवावी आणि शेवटी मॅट वॉर्निशखाली बंद करावी. वॉर्निशने तिचा निम्मा परिणाम पुसला जातो, तेव्हा लावताना डोळ्याला पटतं त्याहून थोडी जास्त लावावी.

समोरच्या बाजूचे पॅटनही याच कृतीने होतात. पाकिस्तानकडे एम-४७ आणि एम-४८ दोन्ही होते, आणि किट घेताना त्यांची गल्लत होते. साखळीच्या वरच्या बाजूला आधाराच्या छोट्या चकत्या मोजाव्यात: एम-४७ ला तीन, एम-४८ ला पाच. पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा गोलसर असेल तर तो एम-४८. त्याच युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईसाठी बनवत असाल तर चिखल भरपूर हवा, कारण तिथे शेतांत पाणी सोडलेलं होतं आणि पॅटन त्यात रुतले. त्या लढाईत डेक्कन हॉर्सचे शर्मन होते आणि त्या रेजिमेंटचे कमांडर होते अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झालेले, मूळचे अलिबागचे. आपली पुढची तुकडी कोणती, हे इथेच ठरून जातं.

तळ आणि पेटी

रणगाड्याला तळ द्यावा की नाही यावर खेळणाऱ्यांत मतभेद आहेत. मी देतो, पण पातळ. दीड मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी, ११५ बाय ६० मिलिमीटर, कोपरे गोल केलेले. एमडीएफ फेविकॉल आणि पावसाळी हवा मिळून वाकतो, म्हणून तो टाळतो. तळावर बारीक वाळू फेविकॉलने लावून तीच बदामी छटा, आणि मागच्या कडेला रणगाड्याचा क्रमांक. आता उचलताना बोटं तळाला लागतात, पट्ट्यांचा रंग शाबूत राहतो. अंतर मात्र नेहमी धडापासून मोजायचं, तळापासून नाही. हे पहिल्या खेळाआधी सगळ्यांनी ठरवून घ्यावं.

तळाखाली चुंबकी रबराची पातळ शीट चिकटवली की पत्र्याच्या डब्यात रणगाडे घट्ट बसतात. फराळाचा चौकोनी पत्र्याचा डबा उत्तम, पण आधी शीट त्याला चिकटते का ते पाहून घ्यावं. डब्यात रणगाडे ठेवताना तिघांच्याही तोफा मागे, इंजिनाच्या बाजूला वळवून ठेवाव्यात, म्हणजे डबा आडवा पडला तरी नळी भिंतीवर आपटत नाही. खेळाच्या दिवशी टेबलाशी डबा उघडला की तिन्ही बुरूज आधी पुढे वळवायचे, एरियल सरळ करायची, आणि मग एकेक रणगाडा उसाच्या कडेला उतरवायचा.